डोळ्यामागचा गालिचा

दसऱ्याच्या आसपास आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. काळोख, उसाचा फड आणि त्यात दोन हिरवट ठिपके. खाली मजकूर: ‘बिबट्या शिरलाय, रात्री मोटार चालू करायला कोणी जाऊ नये.’ दोन रात्री पाण्याच्या पाळ्या चुकल्या. तिसऱ्या दिवशी फडाच्या कडेच्या चिखलात ठसे सापडले ते रानमांजराचे, जेमतेम अडीच बोटं रुंद.

भीती मी समजू शकतो. मला लिहायला बसवलं ते पाठोपाठ आलेल्या तक्त्याने. लाल चमक म्हणजे बिबट्या, हिरवी म्हणजे कुत्रा, पिवळी म्हणजे खोकड. हा तक्ता साफ चूक आहे, आणि तो का चूक आहे हे कळायला डोळ्याच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जावं लागतं. प्राण्याच्या शरीरातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी जागा तीच.

डोळा स्वतः उजेड तयार करत नाही. बॅटरी विझली की चमकही विझते. बॅटरीचा प्रकाश बाहुलीतून आत जातो आणि भिंग तो दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करतं. तिथल्या दंडपेशी, म्हणजे मंद उजेडातही पाहू शकणाऱ्या पेशी, त्यातला काही टिपतात, उरलेला निसटून पलीकडे जातो. माणसाच्या डोळ्यात पलीकडे काळपट रंगद्रव्य असतं, ते हा उरलेला उजेड शोषून घेतं. मांजर, कुत्रा, लांडगा, तरस, गाय, चिंकारा यांच्या डोळ्यांत मात्र तिथे चकाकणारा एक थर असतो. त्याचं लॅटिन नाव टॅपेटम ल्युसिडम, म्हणजे चकाकता गालिचा. निसटलेला उजेड त्यावर आपटून पुन्हा दंडपेशींतून जातो आणि त्यांना तो टिपायची दुसरी संधी मिळते. माणसाला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात मांजराचं भागतं, त्यात या गालिच्याचा मोठा वाटा आहे. दोन्ही खेपांना निसटलेला उजेड बाहुलीतून बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती चमक म्हणजे जनावराला वापरता न आलेला हा उजेड.

तो बाहेर पडतो तोही मोघम कुठेतरी नाही. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटा येऊ शकतो, हे आपण शाळेत शिकलो. भिंगाने एका बिंदूत आणलेले किरण त्याच बिंदूवरून परतले, की भिंग त्यांना आले त्याच दिशेला, बॅटरीकडे, धाडतं. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी 1934 साली रस्त्यात बसवायच्या चकाकत्या खुणांचं पेटंट घेतलं, त्यांचं नावच ‘कॅट्स आय’. गाडीचा दिवा पडला की त्या उजेड गाडीकडेच परत पाठवतात.

हे स्वतः पाहायचं असेल तर बिबट्याची गरज नाही. पावसाळा सरता सरता सुप्याजवळच्या माळावर, मयूरेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मी मामांबरोबर रात्री चाललो होतो. मामांच्या हातात, कमरेपाशी, मोठी बॅटरी. माझ्या कपाळाला पट्ट्याचा छोटा टॉर्च. मामांना नुसतं गवत दिसत होतं. मला त्याच गवतात पाच-सहा पावलांवर निळसर-रुपेरी ठिणग्या दिसत होत्या, दहा-बारा तरी. ‘दव असेल,’ मामा म्हणाले. मी माझा टॉर्च त्यांच्या कपाळाला बांधला आणि ते जागीच थांबले. दवाचा थेंब आपण हललो की रंग बदलतो, लुकलुकतो. या ठिणग्या स्थिर होत्या. एकीवर नजर रोखून वाकलो तर खाली लांडगा-कोळी, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी मागच्या बाजूचे मोठे चार चमकतात. त्यांचा गालिचा ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांचा. कमरेजवळची बॅटरी आणि माणसाचे डोळे यांत हातभर अंतर पडतं, एवढ्या जवळून कोळ्याकडून परतणारा उजेड त्या अंतरात चुकतो. कपाळावर टॉर्च बांधला की तो थेट आपल्या डोळ्यात येतो.

आता रंग. गालिच्यात हिरवा किंवा निळा रंग कालवलेला नसतो. मांजराच्या डोळ्यात मधोमध सपाट पेशींचे 15 ते 20 थर असतात आणि प्रत्येक पेशीत अतिसूक्ष्म कांड्या समांतर, ठरावीक अंतरावर रचलेल्या. गायी-हरणांत हेच काम कोलॅजन या प्रथिनाचे तंतू करतात. प्रकाशाची एक लाट पहिल्या ओळीवरून परतते, दुसरी पुढच्या ओळीवरून. दुसरीला जाऊन-येऊन जास्त चालावं लागतं. ते जादा अंतर ज्या रंगाच्या एका तरंगलांबीइतकं भरेल त्या रंगाच्या लाटांचे उंचवटे जुळतात आणि तो रंग उठतो. हिरव्याची तरंगलांबी हवेत सुमारे 530 नॅनोमीटर. पेशीच्या आत ती आखडते, तेव्हा ओळींमधलं अंतर 190 नॅनोमीटरच्या आसपास हवं. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ते याच हिशेबाने. उत्तरेकडच्या रेनडिअरचा गालिचा उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात निळा असतो, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हिवाळ्याच्या अखंड अंधारात बाहुल्या सतत ताणलेल्या राहतात, डोळ्यातला दाब वाढतो, तंतू एकमेकांजवळ दाबले जातात. अंतर घटलं की रंग निळ्याकडे सरकतो.

शिवाय हा गालिचा डोळ्याच्या सबंध मागच्या भिंतीवर पसरलेला नसतो. मुख्यतः वरच्या अर्ध्या भागात असतो. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरच्या अर्ध्यावर अंधारी जमीन उमटते, जिथे प्रत्येक कण उजेडाला मोल आहे. म्हणून एकच बिबट्या समोरून हिरवट दिसेल, मान वळवली की पिवळसर, आणि उजेड गालिच्याच्या खाली पडला तर लालसर. रंगावरून जनावर ओळखायला जाऊ नका. डोळे जमिनीपासून किती उंच आहेत, दोहोंत अंतर किती, आणि ते कसे हलतात, एवढं पाहा.

माणूस, माकड, रानडुक्कर, खार यांना गालिचा नाही. फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल येतात तो दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांचा रंग. लहान मुलाच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पुन्हा पुन्हा पांढरी येत असेल तर मात्र नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा. ती क्वचित डोळ्यातल्या गाठीची खूण असते.

रातव्याला गालिचा आहे. रात्री कच्च्या रस्त्यावर बसलेल्या या पक्ष्याचे डोळे गाडीच्या उजेडात तांबूस निखाऱ्यासारखे पेटतात. जवळ जावं तर आवाज न करता उडून जातो. याला चकवा म्हणत आलेल्या लोकांनी जे पाहिलं ते खरं होतं, पण लावलेला अर्थ खोटा. त्या अर्थापायी आजही माणसं रात्री वाट सोडून धावतात आणि विहिरीच्या कडेला पोचतात.

फोटो काढणाऱ्यांसाठी एवढंच: फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला खेटून असेल तर डोळ्यांच्या जागी पांढऱ्या चकत्या येतात. तो हातभर बाजूला धरा. आणि निशाचराच्या डोळ्यात उजेड रोखून ठेवू नका. अंधाराला सरावायला माणसाच्याच दंडपेशींना अर्धा तास लागतो. दिपलेला रातवा चाकाखाली जातो.

माळावरून त्या रात्री परतताना एक ठिणगी वेगळी दिसली, जणू कुणी चिमूटभर चमकी सांडली होती. लांडगा-कोळ्याची मादी होती, पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन, आणि त्यातल्या प्रत्येकाचे डोळे चमकत होते. फोटोसाठी मी कपाळावरचा टॉर्च बंद केला आणि मामांनी त्यांची बॅटरी बाजूने धरली. चमक गेली. मग काळे, ओलसर, शांत डोळे दिसले आणि आईच्या पाठीवरचे केस घट्ट धरून बसलेले इवले इवले पाय.