चर्चला पांढरा गिलावा कशाला?

ओल्ड गोव्याचं बॉम जेझुस चर्च बघून आलेले बरेच जण म्हणतात, लाल चिऱ्याचं हेच खरं जुनं रूप, गावातल्या चर्चना उगाच चुना फासलाय. अहो, उलट आहे! बॉम जेझुसलाही गिलावा होता, १९५०च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी तो काढला आणि तेव्हापासून चिरा पावसात उघडा पडलाय.

चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ, नंतर हवेवर घट्ट होतो, पण अंगात भोकंच भोकं, त्यामुळे पाणी पितो, आणि आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस. तळावलीचं सांत आना घ्या नाहीतर तुमच्या गावचं चर्च, असल्या पावसात जुन्या भिंती टिकल्या त्यात या गिलाव्याचा मोठा वाटा आहे.

आणि या चुन्याच्या गिलाव्याची केमिस्ट्री मला भयंकर आवडते. चुन्यासाठी शिंपले भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजले की कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो कळीचा चुना. पाणी टाकलं की तो खदखदून फुलतो. मग वाळूत कालवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा कार्बोनेट, म्हणजे भाजण्याआधी शिंपल्यात होतं तेच! हे बाहेरून आत हळूहळू होतं, तेही थोडी ओल असेल तरच, कारण वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो. नंतर बारीक भेग पडली तरी पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून भेगेत नेतं, तो तिथेच बसतो आणि भेग बुजते.

चुन्यात गूळ घालायचे हे खरं, पण ‘पूर्वजांचं गुप्त तंत्र’ म्हणून फिरणारे मेसेज सोडून द्या, खरं काम या कार्बन डायऑक्साइडचं.

आता लोक सिमेंट थापतात. सिमेंट कडक, पण भिंतीतली वाफ सहज बाहेर सोडत नाही, रेनकोटमध्ये घाम साचावा तसं होतं. केसाएवढ्या भेगेतून पाणी शिरतं, आत अडकतं, क्षारांचे स्फटिक मागून ढकलतात. असा सुटलेला पोपडा उचलून बघा, मागे पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आणि बोट लावलं की चिऱ्याची लाल भुकटी. डागात कुणाचा चेहरा दिसला तरी तो चमत्कार नाही, ओल आहे.

चुन्याला घाई चालत नाही, पातळ थर द्यायचा, ओला ठेवायचा, थांबायचं, मग पुढचा. म्हणून हे काम पाऊस संपल्या संपल्या काढा, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, आदल्या आठवड्यात नको.