रॅमच्या खोक्यावरचा वेग: हा आकडा आला कुठून आणि टिकत का नाही

पुण्यात टिळक रोडवर किंवा तपकीर गल्लीत नवा पीसी जुळवून घेताना रॅमच्या खोक्यावरचा आकडा हमखास विचारला जातो. डीडीआर४ या पिढीची रॅम असेल तर ३२०० किंवा ३६००, त्यापुढच्या डीडीआर५ ची असेल तर ६०००. मशीन घरी येतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो ही खोक्यावरचा वेग लावणारी सोय चालू केली जाते आणि काही जणांचा त्रास तिथूनच सुरू होतो. रेंडर अर्ध्यावर बंद पडतो, गेम काही न सांगता डेस्कटॉपवर येतो, निळा पडदा दिसतो, कालपर्यंत नीट उघडणारी झिप फाइल खराब असल्याचं सांगते. एक्सएमपी बंद केलं की सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतो रॅममध्ये दोष नाही, बोर्डवाले म्हणतात रॅम बदलून बघा, आणि ग्राहकाला वाटतं आपण फसलो.

या तिढ्याचं मूळ रॅमच्या इतिहासात आहे. एकेकाळी त्या आकड्याला एकच मालक होता. आज तो रॅमवाला, प्रोसेसरवाला, बोर्डवाला आणि मशीन जुळवणारा अशा चौघांत वाटला गेला आहे आणि पूर्ण जबाबदारी कोणाच्याच अंगावर नाही. हे ध्यानात घेतल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे नुसती अदलाबदल, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात मेमरीच्या स्वभावापासून करायला हवी. १९६६ साली आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर चालणाऱ्या मेमरीची कल्पना सुचली, १९६८ मध्ये पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १ किलोबिटची चिप बाजारात आली (तिच्यात एका बिटला तीन ट्रान्झिस्टर लागत) आणि बारीक चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी मागे पडत गेली. डेनार्ड यांच्या रचनेत बिट म्हणजे कपॅसिटरमधला इवलासा विद्युतभार. तो चिरा गेलेल्या रांजणातल्या पाण्यासारखा सतत झिरपत असतो, म्हणून ठरावीक वेळाने वाचून पुन्हा भरावा लागतो. आजही हे भरणं डीडीआर४ मध्ये साधारण ६४ आणि डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंदांत एकदा होतं आणि चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की दुप्पट वेळा करावं लागतं.

अशी मेमरी अधूनमधून चुकणार, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या आवरणात असलेल्या युरेनियम आणि थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत म्हणूनच दर आठ बिटांमागे चूक पकडणारा नववा, पॅरिटी बिट होता. चूक सापडली की मशीन तिथल्या तिथे थांबायचं. ते त्रासदायक वाटे, पण निदान खोटा हिशेब पुढे जात नसे. पुढे नवव्या चिपचा खर्च वाचवण्यासाठी पॅरिटी काढली गेली. १९९५ मध्ये आलेल्या इंटेलच्या ४३०एफएक्स चिपसेटमध्ये (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपांमध्ये) तर तिची सोयच नव्हती. घरगुती संगणक चूक पकडायची विसरले ते तेव्हापासून, आणि आपण आज ज्या निळ्या पडद्यांशी झगडतो त्यातला काही गोंधळ या एका निर्णयातून आलेला आहे.

वेगाच्या आकड्याची गोष्ट १९९८ ची. ४४०बीएक्स चिपसेटबरोबर इंटेलने पीसी१०० नावाचं तपशीलवार मानक दिलं. १०० मेगाहर्ट्झला चालणाऱ्या एसडीरॅमच्या (डीडीआरच्या आधीच्या रॅमच्या) स्टिकवर तारांची लांबी किती असावी, आणि एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये कोणती माहिती लिहिलेली असावी, हे सगळं त्यात होतं. बोर्ड सुरू होताना ती चिप वाचतो आणि त्याप्रमाणे वेग लावतो. स्टिकवर पीसी१०० लिहिलेलं असेल आणि बोर्ड पीसी१०० चा असेल तर ते चालायलाच हवं, अशी ती हमी होती. पुढे डीडीआरपासून हे काम जेडेक या उद्योगाच्या मानक संस्थेकडे स्थिरावलं.

हमी असूनही घसरायला होतं, याचं जाहीर उदाहरण लगेच पुढच्या वर्षी घडलं. इंटेल तेव्हा रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅम या वेगळ्या प्रकारच्या रॅमवर भर देत होती. सप्टेंबर १९९९ मध्ये ८२० चिपसेट बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर लक्षात आलं, की बोर्डावर तीन स्लॉट असले की मेमरी चुका करते. बोर्ड तयार होऊन पडले होते. तरी घोषणा पुढे ढकलली गेली आणि अखेर दोनच स्लॉट ठेवून चिपसेट आला. मग त्याच चिपसेटवर स्वस्त एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक जोडचिप घातली, तीही दगा देऊ लागली आणि मे २००० मध्ये ते बोर्ड बदलून द्यावे लागले. मेमरीच्या चिपा ठीक होत्या. गडबड होती त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत.

हा मुद्दा आकड्यांत पाहिला की डोळे उघडतात. २००३ च्या सुमाराची चांगली डीडीआर-४०० रॅम सीएल २ ला (सीएल म्हणजे माहिती यायला लागणारे क्लॉकचे ठोके) चालायची, म्हणजे मागितलेली माहिती यायला १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० सीएल १६ ला घ्या, हिशेब पुन्हा १० नॅनोसेकंद. आजची डीडीआर५-६००० सीएल ३० ला घ्या, तरी १० नॅनोसेकंदच. आतला कपॅसिटर वीस वर्षांत फारसा चपळ झालेला नाही. पळायला लागली आहे ती फक्त बाहेरची तार. पीसी१०० मध्ये एका बिटला तारेवर १० नॅनोसेकंद मिळत. ६००० च्या वेगाला एका बिटच्या वाट्याला येतात सुमारे १६७ पिकोसेकंद, म्हणजे साठाव्या हिश्शाएवढा वेळ. तेवढ्यात प्रकाशसुद्धा पाच सेंटिमीटर जातो. दरम्यान व्होल्टेज ३.३ वरून डीडीआर५ मध्ये १.१ वर उतरलं आहे, म्हणजे शून्य आणि एक यांतलं अंतरही घटलं. रिकाम्या स्लॉटच्या तारेचं टोक, स्लॉटमध्ये जमलेली धूळ, बोर्डाच्या थरांची प्रत, या सगळ्याला आता किंमत आली आहे ती त्यामुळे.

आणि नेमक्या याच काळात हमी फुटली. जेडेकची मानकं सावध असतात. त्याहून जास्त वेगाने चालणाऱ्या स्टिक विकायच्या तर त्यांचे आकडे कुठे लिहायचे? त्यासाठी २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कॉर्सेअरने ईपीपी आणलं, २००७ मध्ये डीडीआर३ बरोबर इंटेलने एक्सएमपी. एसपीडीच्या चिपमध्ये उरलेल्या जागेत जास्त वेगाची, जास्त व्होल्टेजची दुसरी नोंद ठेवायची आणि वापरणाऱ्याने ती बायोसमध्ये चालू करायची, अशी ही सोय. २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर एएमडीचं एक्सपो आलं, तेही त्याच वाटेने जाणारं. सोय चांगली आहे, पण दोन्ही कंपन्यांच्या लेखी ती ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडते. खोक्यावर ठळक छापलेला आकडा या दुसऱ्या नोंदीतला असतो, हे दुकानात फारसं कोणी समजावून सांगत नाही. ते सांगायला हवं.

त्याच दरम्यान मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, बोर्डावरच्या चिपसेटमधून निघून प्रोसेसरमध्ये गेला, एएमडीत २००३ मध्ये, इंटेलमध्ये २००८ च्या नेहालेमपासून. त्यामुळे रॅम किती पळेल हे प्रोसेसरच्या त्या एका नगावरही अवलंबून राहू लागलं. रॅमचं जास्त व्होल्टेज आता प्रोसेसरलाच जाऊन भिडतं. नेहालेमच्या वेळी इंटेलने रॅमला १.६५ व्होल्टच्या वर नेऊ नका असं बजावलं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे काही एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाले, तेव्हा एक्सपो चालू केल्यावर बोर्ड परस्पर वाढवत असलेल्या एसओसी व्होल्टेजकडे (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजकडे) बोट गेलं आणि एएमडीने नव्या बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एएम५ चा, म्हणजे रायझन ७००० बसतो तो, बोर्ड घेऊन जुनाच बायोस ठेवला असेल तर रॅमचा वेग नंतर बघा, बायोस आधी बदला.

चार स्टिकचा प्रश्नही इथलाच. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चारही स्लॉट भरले तर ३६००. पुण्यात व्हिडिओ एडिटिंग किंवा आर्किटेक्चरचं काम करणारी मंडळी आधी दोन स्टिक घेतात, वर्षभराने तशाच दोन आणखी आणतात आणि सहा हजाराची अपेक्षा ठेवतात. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिपा वेगळ्या बॅचच्या, कधी वेगळ्या कंपनीच्याही असू शकतात. दोन स्टिकचा संच एकत्र तपासून विकलेला असतो, दोन संच एकमेकांसोबत कोणीच तपासलेले नसतात. जास्त क्षमता लागणार हे आधीच माहीत असेल तर मोठ्या दोन स्टिक एकदम घेणं कधीही बरं.

आता प्रत्यक्ष बिघाड शोधायचा झाला तर हाच इतिहास क्रम ठरवून देतो. आधी डेटाची प्रत दुसरीकडे काढा, कारण चुकणारी रॅम फाइलमध्येही चुका लिहून ठेवते. मग एक्सएमपी बंद करून, जेडेकच्या वेगाला, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. १९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेल्या मेमटेस्ट८६ मधून निघालेलं हे मोफत साधन आहे. चूक झाली की पडद्यावर लाल ओळ येते: पत्ता, त्या जागी काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं. लिहिलं होतं ००००००००, वाचलं ००००००४०. बत्तीसपैकी एकच बिट उलटला. मूळ वेगालाच, एकेक स्टिक आळीपाळीने लावूनही, अशी ओळ एकाच स्टिकवर येत असेल तर ती स्टिक खराब आहे. ती सरळ वॉरंटीत द्या, इथे वाद नाही.

मूळ वेगाला रात्र स्वच्छ गेली आणि एक्सएमपी लावल्यावर चुका आल्या, तर प्रश्न वाटेचा आहे. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जायला हव्यात. पहिल्यात आणि तिसऱ्यात लावल्या तर पुढे तारेचं रिकामं टोक उरतं आणि सिग्नल तिथून परत फिरतो. आपल्याकडचे जुने दुरुस्तीवाले स्टिक काढून सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसतात. पावसाळ्यातल्या दमट हवेनंतर त्यांवर पातळ काळपट थर दिसतो, तो त्याने खरोखर निघतो. फक्त रबराची भुकटी नीट झटकून मगच स्टिक परत बसवावी. एवढ्यानेही भागलं नाही तर वेग एक पायरी खाली आणा, ६००० वरून ५६००. रोजच्या कामात हा फरक जाणवणार नाही. व्होल्टेज वाढवत नेणं हा मी शेवटचा आणि बेताने करायचा उपाय मानतो.

ट्रेनिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळ चांगल्या स्टिक याच गैरसमजातून परत केल्या जातात. मशीन सुरू होताना कंट्रोलर प्रत्येक तारेवरचा नेमका क्षण अजमावून ठरवतो, हेच ट्रेनिंग. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा हे व्हायला काही मिनिटं लागू शकतात, तोवर पडदा काळाच राहतो. लोक घाबरून बटण दाबतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय निकाल दर वेळी तंतोतंत तोच येत नाही. वेग काठावरचा असेल तर गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आल्यावर सुरू केलेलं मशीन कुरकुर करतं, आणि पुन्हा बंद-चालू केलं की आठवडाभर नीट चालतं. दोष विजेवर ढकलला जातो, पण काठ आपणच निवडलेला असतो. एएम५ वर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू असेल तर जुनंच ट्रेनिंग वापरलं जातं. शोध घेताना ते बंद ठेवावं. आणि चाचणी जानेवारीतल्या थंडीत उत्तीर्ण झाली म्हणून निश्चिंत राहू नये. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीस अंश असताना, ग्राफिक्स कार्डाचा गरम वारा स्टिकवर येत असताना तीच चाचणी पुन्हा करावी.

ईसीसी म्हणजे मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करायची सोय. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच’ हे वाक्य दुकानांत सर्रास ऐकू येतं आणि ते दिशाभूल करतं. चिपच्या आत १२८ बिटांमागे ८ तपासणीचे बिट असतात, ते आतल्या लहान होत गेलेल्या कपॅसिटरच्या चुका झाकण्यासाठी. तारेवर झालेली चूक त्यांना दिसतही नाही. खरं ईसीसी पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या प्रत्यूषसारख्या महासंगणकात सापडेल. मोसमी पावसाचे आणि हवामानाचे अंदाज काढण्यासाठी तो २०१८ मध्ये सुरू झाला, आणि असल्या मशीनमध्ये जेडेकच्या वेगापलीकडे जायचा विचारही होत नाही. गुगलच्या सर्व्हरांवर केलेल्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर चुका नोंदल्या गेल्या होत्या. ईसीसी होतं म्हणून त्या मोजता आल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये घरगुती मशीनला ईसीसी न देण्यावर जाहीर टीका केली आणि २०२२ मध्ये त्यांच्याच मशीनची रॅम बिघडली, तेव्हा तिच्यात ईसीसी नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. जिथे हिशेब, संशोधन किंवा लोकांच्या नोंदी ठेवायच्या आहेत तिथे वेगापेक्षा ईसीसीवर पैसे घालावेत.

तारेचा प्रश्न उद्योगानेही मान्य केला आहे. डीडीआर५ च्या ६४०० पासून पुढे स्टिकवरच क्लॉक ताजा करून देणारी चिप बसवायची वाट जेडेकने मोकळी केली. सीयूडीआयएमएम नावाच्या या स्टिक २०२४ च्या अखेरीस इंटेलच्या ॲरो लेक प्रोसेसरांबरोबर बाजारात आल्या. त्या घ्यायच्या असतील तर बोर्डाच्या कंपनीने तपासून जाहीर केलेल्या रॅमच्या यादीत तोच मॉडेल क्रमांक, तेवढ्याच स्टिकसाठी, दिलेला आहे का ते पाहून घ्या. जुन्या बोर्डावर ती चिप बाजूला ठेवूनच स्टिक चालते आणि जास्तीचे पैसे देऊन वेग मात्र आधीचाच मिळतो.