चर माणसाने खणलेला की चीर थंडीने पाडलेली?

इंग्लंडमध्ये पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, जून-जुलैत, बार्लीच्या शेतांवरून छोटं विमान फिरवलं की पिकात रेघा उमटलेल्या दिसतात. शेत पिवळं पडत चाललेलं आणि त्यातून गडद हिरवे पट्टे गेलेले. यातले काही पट्टे म्हणजे दोन-चार हजार वर्षांपूर्वी माणसांनी खणलेले आणि पुढे बुजलेले चर असतात. काही मात्र हिमयुगात जमिनीला पडलेल्या चिरा असतात, त्यांना कुणाचा हात लागलेला नसतो. फोटोत दोन्ही सारख्याच हिरव्या दिसतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

फसण्याचं कारण पिकात आहे. रोपांना फक्त ओल कळते. खड्डा कुणी केला, कधी केला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. टेम्स किंवा ट्रेंट नदीच्या काठची रेती-गोट्यांची जमीन पाणी धरत नाही आणि तिच्यावर मातीचा थरही पातळ असतो. अशा जमिनीत एखादा चर गाळमातीने भरला, की तेवढ्या पट्ट्यात माती खोल होते. पाऊस लांबला की आजूबाजूच्या पिकाला ताण बसतो, ते बुटकं राहून लवकर पिवळं पडतं. चरावरची रोपं खालची ओल ओढत उंच वाढतात आणि आणखी काही दिवस हिरवी राहतात. पुरलेल्या भिंतीवर याच्या उलट घडतं, तिथलं पीक आधी करपतं. भारी चिकणमातीत सगळीकडेच ओल टिकते, म्हणून तिथे हा फरक सहसा उठून दिसत नाही. काळ्या जमिनीत राबलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता चिरांकडे. शेवटच्या हिमयुगात बर्फाची चादर इंग्लंडच्या दक्षिण भागापर्यंत आली नव्हती, पण तिथली जमीन गोठलेली होती. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन आकसते आणि तडकते. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी त्या तड्यात उतरून गोठतं, पुढच्या हिवाळ्यात तडा पुन्हा तिथेच जातो. असं शेकडो वर्षं चाललं की जमिनीत बर्फाची उभी पाचर तयार होते. साधारण ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपलं. त्याच्या आगेमागे या पाचरी वितळल्या आणि रिकाम्या जागेत वरची वाळू-माती उतरली. म्हणजे रेताड जमिनीत मातीने भरलेली खोल फट. पिकाच्या दृष्टीने तोही एक चरच. अलास्का आणि सायबेरियात अशा पाचरी आजही जिवंत आहेत, विमानातून सहज दिसतात.

मग ओळखायचं कसं? आधी जाळं बघा. तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात, तशा या चिरा एकमेकींना मिळून वेडेवाकडे बहुकोन करतात, एकेक बहुकोन काही मीटरपासून काही दहा मीटरपर्यंत रुंद. रेघ मधेच फुगते, बारीक होते, जराशी वळते. जाळ्याला सुरुवात नाही, शेवट नाही. गोटेरी जमीन जिथवर जाते तिथवर ते पसरतं.

माणूस खणतो तेव्हा त्याला काहीतरी आत घ्यायचं असतं किंवा बाहेर ठेवायचं असतं. त्यामुळे त्याची रेघ कुठेतरी परत येऊन मिळते, रुंदी बरीचशी एकसारखी राहते आणि आत जायला वाट सोडलेली असते. माझ्या मते ही वाटेची फट सगळ्यांत बोलकी खूण आहे, कारण थंडी दार ठेवत नाही. पण एकट्या फटीवर विसंबू नये. नांगराने चर झिजला किंवा तिथे वरची माती जाड असली, तरी रेघ तुटलेली दिसते.

मोजमाप हाही आधार. १९२५ साली वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांनी स्टोनहेंजजवळच्या एका शेताचं हवाई छायाचित्र घेतलं. तोवर ती जागा नांगरटीने सपाट झालेलं जुनं थडगं समजली जात होती. फोटोत आत ठिपक्यांची कडी दिसली. मॉड कनिंग्टन यांनी उत्खनन केलं तेव्हा लाकडी खांबांच्या खड्ड्यांची, एकात एक बसवलेली सहा लंबवर्तुळं निघाली. तेच आज ‘वुडहेंज’ म्हणून ओळखलं जातं. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळ ड्रोनला दिसलेलं प्रचंड वर्तुळही असंच, ठरावीक अंतराने तुटलेल्या दुहेरी चरांचं. एवढी शिस्त बर्फाला जमत नाही.

एक कसोटी मात्र इथे निरुपयोगी ठरते: खूण दरवर्षी दिसते का? फवारणीतल्या चुकीचे पट्टे पुढच्या हंगामात जातात, म्हणून तिथे हा प्रश्न कामाचा. चर आणि चीर दोन्ही कोरड्या वर्षी परत त्याच जागी दिसतात.

खरी डोकेदुखी दोन्ही एकाच शेतात असली की होते. बहुकोनांच्या जाळ्यावरच कुणी लोहयुगात वाडा बांधून भोवती चर खणलेला असतो. फोटोत हिरव्या रेघा एकमेकींवरून जातात, आणि चराचा एखादा तुकडा चिरेत मिसळून हरवतो. अशा वेळी नकाशा काढणारे आधी जाळं कुठल्या दिशेने चाललंय ते समजून घेतात, मग त्याला न जुमानता सरळ जाणाऱ्या रेघा वेगळ्या काढतात.

तरीही शंका उरली तर आडवा खड्डा घेऊन छेद बघावा लागतो. चीर खाली निमुळती होत टोकाला जाते, कडेचे थर वाकलेले आणि गोटे उभे झालेले असतात. चराला तळ असतो, त्यात गाळ थराथराने बसलेला दिसतो आणि नशीब असेल तर खापराचे तुकडे नि हाडं मिळतात.