नवाहो मडक्यांवरची राळ

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागात, शाँटो आणि काउ स्प्रिंग्ज या वस्त्यांच्या परिसरात, नवाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीचे कारागीर चाक न वापरता मातीच्या वळ्या एकमेकींवर रचून मडकी घडवतात. वाळलेले मडके ज्यूनिपरच्या लाकडांत उघड्यावर भाजतात आणि ते गरम असतानाच त्यावर पिन्यॉन पाइनची वितळलेली राळ चोळतात. अशा आव्यातील तापमान साधारणतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. तेवढ्या उष्णतेत मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी निघून जाते, त्यामुळे भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. परंतु कण वितळून एकजीव होत नसल्याने त्यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रे उरतात. आपल्या माठातले पाणी अशाच छिद्रांतून पाझरून बाष्परूपाने उडते व त्यामुळे गार राहते. नवाहो मडक्यात मात्र राळ ही छिद्रे बुजवते.

१९४६ साली जन्मलेल्या ॲलिस क्लिंग यांनी ही पद्धत आपली आई रोझ विल्यम्स यांच्याकडून घेतली आणि तिच्यात विचारपूर्वक बदल केला. भाजण्यापूर्वी लोहयुक्त लाल मातीचा पातळ लेप देऊन त्या मडके नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटतात. मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. गोट्याच्या दाबाने ते पृष्ठभागाला समांतर पहुडतात, घट्ट बसतात आणि प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करू लागतात. मग राळेचा अगदी पातळ थरही पुरतो. भाजताना जिथे जळते लाकूड मडक्याला टेकते, तिथे प्राणवायू कमी पडून कार्बन साचतो आणि काळसर डाग उमटतात. जिथे हवा खेळती असते, तिथे लोहाचा तांबूस रंग खुलतो. विजेच्या भट्टीत सर्वत्र सारखीच हवा व उष्णता मिळाली असती, तर ही रंगसंगती उमटलीच नसती. म्हणूनच नवे तंत्र घोटण्यात आणावे आणि भाजणे जाळावर सोपवावे, ही क्लिंग यांची निवड मला फार मोलाची वाटते.

दुसऱ्या नवाहो कारागीर क्रिस्टिन मॅकहॉर्स (१९४८–२०२१) यांची वाट वेगळी होती. पतीच्या आजीकडून त्या न्यू मेक्सिकोतील टाओस प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीची अभ्रकयुक्त माती हाताळायला शिकल्या. अभ्रकाचे पत्रे तापमानातील अचानक बदलाने पडणारी चीर पुढे सरकू देत नाहीत. या मातीतून त्यांनी पुढे पूर्णतः आधुनिक, काळी, वळणदार शिल्पे घडवली, तीही हातानेच वळ्या रचून.