आफ्रिकी शहरांची डिजिटल सज्जता

शहराचा कारभार आणि नागरी सेवा डिजिटल पद्धतीने चालवण्याची एखाद्या आफ्रिकी शहराची तयारी कितपत आहे, हे जोखण्याची पद्धत. इंटरनेट, वीज, पालिकेचे दप्तर, कर्मचाऱ्यांचे कौशल्य, विदासंरक्षणाचे (नागरिकांच्या माहितीच्या संरक्षणाचे) कायदे आणि नागरिकांची ऐपत या बाबी त्यात पाहतात. आफ्रिकी संघाने २०२०–३० या काळासाठी डिजिटल परिवर्तनाचे धोरण आखल्यापासून अशा मापनाला महत्त्व आले.

उपलब्ध आकडेवारी बहुधा देशाची असते, शहराची नसते. केनियाची राजधानी नैरोबी आणि त्याच देशाच्या उत्तरेकडचा दुर्गम तुर्काना यांच्या सरासरीवरून नैरोबीविषयी फारसे काही कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासन सर्वेक्षणात २०१८ पासून निवडक शहरांचा स्वतंत्र निर्देशांक काढला जातो. पण त्यात मुख्यतः पालिकेचे संकेतस्थळ तपासतात. संकेतस्थळामागचे दप्तर अद्ययावत आहे का, हा खरा प्रश्न त्यात सुटून जातो.

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन हे याचे बोलके उदाहरण. तेथे घरपट्टीच्या नोंदीत सुमारे ५७ हजार मालमत्ता होत्या. महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांच्या कारकिर्दीत उपग्रहचित्रांवरून इमारती मोजल्या, तेव्हा हा आकडा १ लाख २० हजारांच्या पुढे गेला. आकारणीही बदलली : पूर्वी क्षेत्रफळ धरत, आता छप्पर, भिंती, खिडक्या, परिसर अशा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना गुण देऊन कर ठरू लागला. झोपडी आणि बंगला यांच्या पट्टीतला फरक त्यामुळे वाढला. मात्र २०२० मध्ये केंद्र सरकारने ही सुधारणा काही काळ रोखून धरली. पालिकेच्या हाती अधिकार किती, हे मोजणारा रकाना बहुतेक निर्देशांकांत नसतो.

स्मार्टफोनच्या संख्येवरून सज्जता ठरवणेही फसवे आहे. केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालते. उलट, सहाराच्या दक्षिणेकडील देशांत मोबाइल इंटरनेटच्या टप्प्यात राहूनही ते न वापरणारे लोक वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. फोनची किंमत आणि निरक्षरता ही त्याची प्रमुख कारणे.

पायाभूत सुविधांचा कस संकटात लागतो. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधील आबिजानजवळ समुद्राखालच्या इंटरनेटच्या चार केबल एकाच वेळी तुटल्या आणि लागोस (नायजेरिया), आक्रा (घाना) येथील बँकांचे व्यवहारही विस्कळीत झाले. पर्यायी मार्ग किती आहेत, हे म्हणूनच वेगापेक्षा आधी पाहायला हवे.

फ्रान्सच्या विकास संस्थेच्या पाठबळाने २०१९ ते २०२२ या काळात कंपाला, किगाली, कुमासी, लागोस यांसह ११ शहरांचे एक जाळे काम करत होते. त्यात शहरांची क्रमवारी लावली नाही; प्रत्येक शहराने आपली एक अडचण निवडायची आणि तिच्यापुरती तयारी तपासून कृती-आराखडा करायचा, अशी रीत होती. क्रमवारीपेक्षा हा मार्ग पालिकांच्या अधिक उपयोगाचा.