५०६० पोर्ट उघडला, तरी आवाज एकाच बाजूने का?

‘इंटरनेट फोनवर समोरच्याचा आवाज येत नाही? राउटरवर ५०६० पोर्ट उघडा.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि चुकीचा आहे. पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेले दार. ५०६० वरून फक्त सिपचे, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या पद्धतीचे, निरोप जातात: घंटी वाजवणे, उचलणे, ठेवणे. घंटी वाजत असेल तर तो रस्ता बहुधा ठीकच आहे. आवाज आरटीपीने, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या यूडीपी (पोच न मागता पाकिटे पाठवण्याची रीत) पोर्टांवरून जातो. ॲस्टेरिस्क या फोन-सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलीत ते १०००० ते २०००० असतात.

खरी गोम निरोपाच्या आत आहे. नॅट, म्हणजे आतल्या खासगी पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावणारी राउटरची सोय, पाकिटावरचा पत्ता बदलते, आतल्या एसडीपीतला (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या मजकुरातला) नाही. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता राहिला, की समोरचा आवाज तिकडेच पाठवतो, म्हणजे कुठेच नाही.

राउटरमधले ‘सिप एएलजी’ नावाचे फीचर हा पत्ता दुरुस्त करायला जाते आणि बरेचदा बिघडवते. आधी ते बंद करा. सर्व्हर नॅटमागे असेल तर त्याला बाहेरचा पत्ता आणि स्थानिक नेटवर्क सांगा, आरटीपीचे पोर्ट त्याच्याकडे वळवा. नुसता फोन नॅटमागे असेल तर सर्व्हरवर सिमेट्रिक आरटीपी (आवाज जिथून आला तिथेच परत पाठवणे) पुरते. पोर्ट उघडायची गरजच नाही.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो? मग मात्र निरोपच अडलाय: एसीके, म्हणजे ‘उचलल्याचे कळले’ ही पोच, पोहोचत नाही.