खाडी शेजारी असताना समुद्र पिशवीतून का आणायचा?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची काचेची पेटी, लावायचं काढलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, अरे एवढी खाडी आहे ना समोर, दोन कॅन भरून आण की, मीठ कसलं विकत घेतोस? प्रश्न वेडगळ अजिबात नाहीये, उलट त्याचं उत्तर शोधत गेलं तर रीफ टँकचं अर्धं रसायन त्यातच कळतं.

ठाण्याची खाडी म्हणजे समुद्र, गाळ आणि सांडपाणी यांची मिसळ. उन्हाळ्यात पाणी बऱ्यापैकी खारं असतं, जुलैत सगळे नाले आणि डोंगरावरचं पाणी उतरलं की खारेपणा धाडकन खाली येतो, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने काय काय सोडत आलेत ते वेगळंच. आता ही खाडी फ्लेमिंगोंना आवडते ना, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, पण मिळाला, पण त्यांना ती आवडते ती गाळातल्या भरपूर पोषणद्रव्यांमुळे, त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि लहान फ्लेमिंगो नावाची जात मुख्यतः तेच गाळून खाते. प्रवाळांचं नेमकं उलटं असतं, त्यांचं पाणी स्वच्छ, निळं आणि पोषणद्रव्यांच्या बाबतीत जवळपास उपाशी. खाडीचं पाणी टँकमध्ये ओतलं तर प्रवाळ राहतील बाजूला, हिरवट गाळाचं डबकं तेवढं तयार होईल.

बरं, मग मिठागरातलं मीठ? भाईंदरला, उरणला मिठागरं आहेत, मीठ समुद्राचंच, ते गोड्या पाण्यात परत विरघळवलं की झाला समुद्र, असं वाटतं खरं. पण मिठागरात उन्हाने पाणी आटत जातं तेव्हा त्यातले क्षार एकदम बाहेर पडत नाहीत, रांगेने पडतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग पाणी साधारण एक पंचमांश उरलं की जिप्सम, आणि एक दशांशाच्या आसपास आलं की आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, ते कडू पाणी मिठापासून वेगळं काढून टाकतात. म्हणजे ढिगातल्या मिठात कॅल्शियम बरंचसं आधीच मागे पडलेलं आणि मॅग्नेशियम नंतर निघून गेलेलं. रीफला लागतात नेमके तेच दोन! खऱ्या समुद्रात लिटरमागे कॅल्शियम ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असतं, कडक प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटमधूनच बांधतात, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर ते कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, आपोआप पांढरा थर होऊन हीटरवर आणि पंपावर बसतं.

म्हणून रीफसाठीचं तयार मीठ मिळतं, ज्यात हे सगळे क्षार समुद्रातल्याच प्रमाणात मिसळलेले असतात. हे जमतं कशामुळे तर जगातल्या कुठल्याही मोठ्या समुद्राचं पाणी घ्या, खारेपणा थोडा कमी-जास्त निघेल पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. एचएमएस चॅलेंजर हे जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरून पाण्याचे नमुने घेऊन आलं, त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ मध्ये हे नीट मांडलं. पिशवीतला समुद्र विकता येतो तो या नियमामुळे. किलोभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, आपल्याला तेवढेच करायचे. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्यात थेंबभर पाण्यातून उजेड किती वाकतो त्यावरून खारेपणा कळतो, तरंगणारे स्वस्तातले काटे फार भरवशाचे नसतात असं माझं मत आहे.

मीठ झालं, आता ते विरघळवायचं कशात? नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, प्यायला छान आहे, पण त्यात क्लोरीन असतं, थोडं नायट्रेट, थोडं सिलिकेट, आणि इमारतीच्या पाइपात तांबं असेल तर तेही उतरतं. तांबं माशांना एकवेळ चालेल, गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळांना ते विष आहे, अगदी थोडंसुद्धा. घरचं प्यायचं आरओ यासाठी पुरत नाही कारण बहुतेक मशिनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत सोडलेलं असतं. टँकसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची नळी लागते आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसायला हवा. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला चालतं, घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

टँक कुठे ठेवायचा हे मात्र पाण्याच्या आधी ठरवा. ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशा टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं, काच, खडक आणि स्टँड धरून वजन अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जातं. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात, तो पूर्ण खोलीभर पसरलेला असं गृहीत धरून, आणि आपला टँक अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभा राहतो. त्यामुळे खोलीच्या मधोमध नको, बीमच्या जवळ भिंतीला लागून हवा, आणि नौपाड्यातली जुनी बिल्डिंग असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

आता खरी गंमत. पाणी भरलं, खडक रचले, पंप सुरू झाला, टँक एकदम सुंदर दिसायला लागला की त्याच संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन मासे आणावेसे वाटतात, आणि बहुतेक नवे टँक इथेच मरतात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे त्यातला विषारी भाग, तोच सातच्या पीएचच्या गोड्या पाण्यात असतो त्याच्या जवळपास दहापट निघतो. समुद्रात हा अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव आधीच ठाण मांडून बसलेले असतात. नव्या टँकमध्ये कुणीच नसतं, त्यांना आपण जेवायला घालून वाढवायचं असतं. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे सगळे खडकाच्या छिद्रांमध्ये, वाळूत, फिल्टरमध्ये चिकटून राहतात, पाण्यात फारसे तरंगत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या टँकचं जुनं पाणी आणून काही होत नाही, जुना खडक आणला तर होतं.

हे काम फक्त बॅक्टेरियाच करतात असं खूप काळ मानलं जायचं. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी अमोनियावर जगणारा एक आर्किया, म्हणजे बॅक्टेरियापेक्षा वेगळ्याच घराण्यातला सूक्ष्मजीव, पहिल्यांदा वेगळा करून वाढवला. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असं त्याचं नाव, आणि तो सापडला कुठे तर अमेरिकेतल्या सिॲटल ॲक्वेरियमच्या एका उष्णकटिबंधीय खाऱ्या टँकच्या रेतीत! त्याच्या नात्यातले जीव खुल्या महासागरात प्रचंड संख्येने आहेत हे आता माहीत झालंय, पण पकडला गेला तो मत्स्यालयातच.

तर सुरुवातीला मासा न घालता थोडा अमोनियम क्लोराइड घाला, पाण्यात २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया येईल इतका, किंवा सरळ बाजारातली एक सोललेली कोळंबी टाकून कुजू द्या, तेही चालतं, फक्त वास येतो आणि सोसायटीतले नाक मुरडणारे शेजारी बेल वाजवतात. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो आणि नायट्रेट दिसायला लागतं. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येतोय आणि नायट्राइटही शून्य आहे, तेव्हा टँक तयार. याला ४ ते ६ आठवडे लागतात, बाटलीतले बॅक्टेरिया घातले तर थोडं लवकर. या काळात वाळूवर तपकिरी साय धरते, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात, मागोमाग हिरवं केसाळ शेवाळ येतं. घासत बसू नका, घाबरून औषध तर अजिबात घालू नका. सिलिकेट संपलं की डायटम जातात, हिरवं पुढे गोगलगायी संपवतात.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र उकाडा. प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपला हेच झालं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातली चौथी मोठी ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची लाट जाहीर झाली. टँकमध्ये आपल्याला २५ ते २७ अंश हवे असतात आणि मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये खोलीच ३३ वर असते. बाहेरगावचे व्हिडिओ बघून लोक पाण्यावर छोटे पंखे लावतात, पंख्याने पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण ही युक्ती माठासारखी आहे, नागपूरला माठ गार होतो, आपल्याकडे जूनमध्ये माठातलं पाणी जेमतेम बरं लागतं, कारण हवेतच एवढी वाफ की पाणी उडायला जागा नाही. हवा ३३ अंश आणि दमटपणा ६५ टक्के असेल तर पंख्याने कितीही वारं घातलं तरी पाणी २७ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि वर दिव्याची, पंपाची उष्णता असतेच. त्यामुळे डिसेंबरात पंखा पुरतो, एप्रिल ते ऑक्टोबर चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र लागतो किंवा त्या खोलीत एसी चालू ठेवावा लागतो. बजेट करताना हा खर्च आणि त्याचं वीजबिल आधी धरा, दिव्याचं नंतर बघू.

शिवाय पाणी उडतं ते नुसतं पाणीच, मीठ मागे राहतं. टँकमधून रोज ३ लिटर उडत असतील आणि आठवडाभर कुणी बघितलं नाही, तर १८० लिटरमधला खारेपणा ३५ वरून ४० च्या जवळ पोचतो. अरबी समुद्रातून ३ लिटर गेले काय आणि आले काय, त्याला पत्ताही लागत नाही, आपल्या पेटीला सगळं लगेच लागतं. म्हणून उडालेल्याच्या जागी नेहमी गोडं डीआय पाणी घालायचं, खारं नाही. फ्लोट असलेला छोटा ऑटो टॉप-अप पंप मिळतो, मी तर म्हणेन महागड्या दिव्याच्या आधी तो घ्या. वीज गेली तर ऑक्सिजनचा प्रश्न येतो, ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.२ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात साडेसात, तेव्हा सेलवर चालणारा एअर पंप पावसाळ्याआधी आणून ठेवा.

प्रोटीन स्किमर म्हणजे किनाऱ्यावर लाटांचा फेस होतो तेच काम नळीत करणारं यंत्र, बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि फेस होऊन कपात जमा होते, कुजून अमोनिया व्हायच्या आधीच. दिवे निळसर घेतात कारण लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच संपतो आणि ते शैवाल निळ्यावरच जगायला सरावलेलं असतं. दिवसाला ८-९ तास पुरे.

आणि आता ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही ते. भारतात सगळे कडक, रीफ बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा 'लाइव्ह रॉक' म्हणून घेणंसुद्धा त्यात येतं. परदेशातून आलेल्या, सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या जिवंत प्राण्यांनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. प्रवाळ म्हणजे फक्त अंदमान-लक्षद्वीप असं समजू नका, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही ते आहेत, कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये त्यांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. तेव्हा खडक सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा घ्या, सूक्ष्मजीवांना छिद्रं हवी असतात, ती कुणी बनवली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. प्रवाळांत झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रकार घ्या, टँकमध्येच वाढवून तोडलेले, बिलासकट. नवख्याला हेच सोपेही पडतात, सांगाडा बांधत नसल्यामुळे कॅल्शियम फारसं ओढत नाहीत, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं.

पहिले प्राणी गोगलगायी, मग दोन-तीन आठवडे थांबून क्लाउनफिश. समुद्रातून पकडलेले नकोत, प्रजनन केलेले मागा, केरळात विळिंजमला सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र केव्हाच बसवलंय आणि आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची पैदास करायचं काम सुरू झालंय. समुद्रफूल म्हणजे ॲनिमोन लगेच आणू नका, तो नव्या टँकमध्ये टिकत नाही, भटकत भटकत पंपात जातो, आणि क्लाउनफिशला त्याची गरज पण नसते, लेदर कोरलमध्येसुद्धा खुशाल घुसून बसतात. नर-मादी जोडी द्या असं दुकानदाराला सांगायची गरज नाही, पिल्लं असताना त्यांना अजून लिंग ठरलेलं नसतं, आधी नर होतात, आणि दोघांत जो अंगाने मोठा आणि दांडगा तो पुढे मादी होतो. एक थोडा मोठा, एक छोटा असे दोन आणा, बाकीचं ते आपसात बघून घेतात, थोडी चावाचावी होईल तेवढी होऊ द्या.